आकाशांतील तालीम

वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम आहे आणि त्याच जिल्ह्यांत पुलगांवही आहे. सेवाग्रामचें नांव साऱ्या जगाला ठाऊक. पुलगांवचें नांव मात्र एके काळीं कापडाच्या गिरणीमुळें आणि पुढें लष्करी दारूगोळ्याच्या कोठारामुळें प्रांताबाहेर गेलें. ता. ३१ मे २०१६ रोजीं मध्यरात्रीनंतर त्या कोठारास आग लागून लष्कराचे अधिकारी, जवान आणि आग विझविण्यास धांवलेले लोक मृत्युमुखीं पडले, आसपासच्या खेड्यांतील माणसांना रात्रींच घरें सोडावीं लागलीं, आणि कुंपणापलीकडे काय सांठविलेलें आहे याची खरी जाणीव जिल्ह्याला त्या एका रात्रींत झाली. राष्ट्राच्या संरक्षणाचा हिशेब आपण बहुधा अशाच वस्तूंनीं करतों: तोफा किती, गोळे किती, विमानें किती. या वस्तु मोजतां येतात, त्यांचीं छायाचित्रें छापतां येतात, संचलनांत त्या मिरवितां येतात. परंतु त्या गोळ्यास नेमकी जागा दाखविणारा हात ज्या शिक्षणानें तयार होतो, तें शिक्षण कोणत्याही कोठारांत ठेवतां येत नाहीं. आणि तें तोकडें पडलें तर त्याचा आवाज जिल्हाभर ऐकूं येत नाहीं, एखाद्या घरीं फक्त निरोप जातो. लढाऊ वैमानिकांच्या या शिक्षणाचा इतिहास, त्यांतही आपल्या लोकांशीं ज्याचा संबंध आला तेवढा भाग, येथें सांगावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं विमान हें टेहळणीचें साधन होतें. शत्रूचे खंदक वरून पाहावे, नकाशावर खुणा कराव्या आणि परत यावें, एवढेंच त्याचें काम. १९१५ सालीं पंख्याच्या फिरत्या पात्यांमधून नेमकी वेळ साधून गोळी सोडणारी यंत्रबंदूक जर्मनांनीं विमानावर बसविली, आणि तेव्हांपासून विमान हीच एक बंदूक झाली; नेम धरावयाचा तो सबंध विमान वळवून. या नव्या हत्याराचे पहिले धनी एकटेदुकटे शिकारी होते. वर्तमानपत्रांनीं त्यांस वीरपुरुषाची पदवी दिली, त्यांच्या बळींची संख्या क्रिकेटच्या धांवांप्रमाणें छापूं लागले. मराठी वाचकाला त्यांचें वर्णन वाचून एकांडा शिलेदार आठवल्यावांचून राहणार नाहीं: घोडा आपला, शस्त्र आपलें आणि पराक्रमही आपल्या मर्जीचा.

हें चित्र मोहक खरें, पण तें फार दिवस टिकणारें नाहीं हें प्रथम ज्याच्या ध्यानांत आलें तो ओस्वाल्ट बोएल्के हा जर्मन वैमानिक. त्यानें १९१६ सालीं हवाई लढाईचे थोडेसे नियम लिहून काढले. सूर्य पाठीशीं असावा. उंची आपल्याकडे असावी. अगदीं जवळ गेल्याशिवाय गोळी झाडूं नये. टोळीनें हल्ला करावा. शत्रूच्या मुलखावर असतां परतीची वाट विसरूं नये. आपल्या बखरींतून गनिमी काव्याचीं वर्णनें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं. नवी गोष्ट ही कीं, बोएल्केनें हें ज्ञान लिहून ठेवलें आणि नवशिक्यास लढाईवर नेण्यापूर्वीं तें शिकविलेंच पाहिजे असा आग्रह धरला. तो आपल्या तुकडीतील तरुणांना बरोबर घेऊन उडे, आणि खालीं उतरल्यावर प्रत्येकाची चूक त्याच्यापुढें मांडी. मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन हा त्याच तुकडीतला एक शिष्य. एकाच शत्रूच्या मागें दोघांनीं लागूं नये हाही त्याच्या नियमांतला एक भाग होता, आणि ता. २८ ऑक्टोबर १९१६ रोजीं एका इंग्रज विमानामागें स्वतः तो व त्याचा मित्र ब्यॉमे असे दोघेही लागले असतां मित्राच्या विमानाचा धक्का पंखास लागून बोएल्के पडला व मेला. नियम त्याच्या मागें राहिले, व पुढें जगांतल्या बहुतेक विमानदलांत ते या ना त्या रूपानें शिकविले गेले.

इंग्रजांकडे त्या वेळीं उलट प्रकार होता. तरुणाला विमान उडवितां आलें म्हणजे पुरे, लढणें तो आघाडीवर शिकेल, अशी समजूत. शिकविणारे बहुधा आघाडीवरून थकून परतलेले असत. शिकविण्याचें काम त्यांस शिक्षेसारखें वाटे, आणि विद्यार्थ्याच्या चुकीनें आपला प्राण जाईल या भीतीनें ते हातांतला दांडा क्वचितच सोडीत. पंधरा-वीस तासांचें उड्डाण पदरीं घेऊन मुलें फ्रान्समध्यें जात. एप्रिल १९१७ या एका महिन्यांत ब्रिटिश विमानदलानें सुमारें २४५ विमानें गमावलीं. त्या महिन्यास इंग्रज इतिहासकार 'रक्तरंजित एप्रिल' म्हणतात. त्यांत जर्मन विमानांची सरशी हें एक कारण होतेंच, पण नवीं विमानें येऊनही भागलें नसतें. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नांवाचा एक अधिकारी, ज्याचे दोन्ही पाय १९१४ च्या ऑगस्टांतच अपघातांत मोडले होते व ज्यानें १९१६ सालीं साठ नंबरच्या स्क्वाड्रनचें नेतृत्व केलें होतें, तो वरिष्ठांना सारखा लिहीत असे कीं, तुम्ही माझ्याकडे पाठवितां त्या मुलांना अजून विमान उडवितां येत नाहीं, मग तीं लढणार कशीं? अखेर वरिष्ठांनीं गॉस्पोर्ट येथील शाळा त्याच्या ताब्यांत दिली.

स्मिथ-बॅरीनें तेथें केलें तें ऐकावयास साधें वाटतें. त्यानें विद्यार्थ्यास मुख्य जागेवर बसविलें. दोघांच्याही हातीं सारख्याच कळा दिल्या. इंजिनाच्या गोंगाटांत शब्द पोंचावा म्हणून दोघांच्या कानटोप्यांमध्यें बोलण्याची नळी बसविली. आणि ज्या ज्या गोष्टीला वैमानिक भीत असत ती ती गोष्ट मुद्दाम करावयास लाविली. विमानाचा वेग मंदावला कीं तें भोवऱ्यासारखें गरगरत खालीं येऊं लागे, आणि हें गरगरणें म्हणजे मरणच असें पूर्वीं मानीत. गॉस्पोर्टच्या शाळेंत विद्यार्थ्याला उंचावर नेऊन तें गरगरणें आधीं सुरू करावयास शिकवीत व मग त्यांतून बाहेर यावयास. पोहावयास शिकविणाऱ्या आपल्याकडील जुन्या माणसांनाही ही रीत ठाऊक होती. फरक इतकाच कीं येथें विहीर पांच हजार फूट खोल होती आणि शिक्षक विद्यार्थ्याबरोबर आंत उतरत असे. भीति टाळून जाणाऱ्याला शत्रु पाठीशीं लागल्यावर नेमक्या त्याच भीतीच्या प्रदेशांत शिरावें लागतें, हें या माणसानें ओळखलें होतें. १९१७ च्या उत्तरार्धापासून ब्रिटिश वैमानिकांचें शिक्षण हळूहळू त्याच्या पद्धतीनें होऊं लागलें.

याच संधिकाळांत चार भारतीय तरुण ब्रिटिश विमानदलांत शिरले. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरल चंदर सेन, आणि चौथे आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर. भारतीयांस अधिकारी करावें कीं नाहीं याविषयीं विमानदलाची कुरकुर होती. मलिकांना आधीं फ्रेंचांच्या शुश्रूषापथकांत मोटार हांकावी लागली, आणि ऑक्सफर्डमधील गुरूच्या शिफारशीनें मगच दार उघडलें. वेलिंगकर केंब्रिजचे विद्यार्थी. १९१७ सालीं त्यांना अधिकारपद मिळालें, आणि पुढें तेवीस नंबरच्या स्क्वाड्रनमध्यें त्यांची नेमणूक झाली. या तुकडीजवळ सॉपविथ डॉल्फिन हीं विमानें होतीं. या विमानाची रचना विलक्षण होती. वरच्या पंखाच्या सांगाड्यांतून वैमानिकाचें डोकें बाहेर येई, त्यामुळें वरचें सारें आकाश त्याला मोकळें दिसे. उलट विमान उतरतांना पालथें झालें तर पहिला आघात त्या डोक्यावरच, म्हणून पुष्कळ जण त्याला बिचकत. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवर गेलेले वेलिंगकर परत आले नाहींत. जर्मनांच्या हातीं ते जखमी सांपडले, व ता. ३० जून रोजीं त्यांचा अंत झाला. फ्रान्समध्यें हांगार या खेड्याच्या स्मशानभूमींत त्यांची कबर आहे. मुंबईंत किंवा पुण्यांत आज किती घरांत हें नांव ठाऊक असेल याची आम्हांस शंका आहे. पेशवाईंतल्या दुय्यम सरदारांच्याही वंशावळी आपण शोधून काढल्या. पण आकाशांत लढून मेलेल्या या पहिल्या मुंबईकराविषयीं मराठींत लिहिलेलीं पानें फारच थोडीं.

इंद्रलाल रॉय हे बंगाली, तेव्हां आमच्या विषयाच्या कडेवरचे. परंतु शिक्षणाचा गुण काय असतो हें त्यांच्याइतकें स्पष्ट दुसऱ्या कोणाच्याही उदाहरणानें दिसत नाहीं. १९१७ च्या डिसेंबरांत, आघाडीवर गेल्यावर थोड्याच दिवसांत, त्यांचें विमान आदळलें व ते जबर जखमी झाले. बरे होऊन पुन्हां शिक्षण घेऊन ते जून १९१८ मध्यें चाळीस नंबरच्या स्क्वाड्रनमध्यें आले, तेव्हां त्यांच्या तुकडीचा नायक जॉर्ज मॅकेलरॉय हा होता. या मॅकेलरॉयला मिक मॅनॉक यानें हातीं धरून घडविलें होतें. मॅनॉक हा त्या काळचा थोर शिक्षक. नव्या पोराला तो आपल्या मागें ठेवी, शत्रूला स्वतः अर्धमेला करून अखेरची गोळी त्याला झाडूं देई, आणि श्रेयही त्यालाच देई. या गुरुपरंपरेंतून आलेल्या रॉय यांनीं ता. ६ ते १९ जुलै या अवघ्या दोन आठवड्यांत दहा विमानें पाडलीं. डिसेंबरांत धड उतरतां न आलेला हाच तो मुलगा! पण परंपरा तरी त्यांना किती पुरली? ता. २२ जुलैला रॉय पडले, ता. २६ ला मॅनॉक, ता. ३१ ला मॅकेलरॉय. दहा दिवसांत परात्पर गुरु, गुरु आणि शिष्य असे तिघेही गेले. रॉय यांना तेव्हां विसावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

आतां या शिक्षणांत शिकवितात तरी काय, असें वाचक विचारील. शौर्य शिकवितां येत नाहीं, आणि बहुधा तें शिकविण्याची गरजही नसते. विमानदलांत येणाऱ्या मुलांत तें पुरेसें, कधीं कधीं नको तितकें असतें. पहिली विद्या पाहण्याची. रिकाम्या आकाशांत डोळा कशावरच ठरत नाहीं. तो आपोआप थोड्या अंतरावर स्थिरावतो, व दूरचा ठिपका त्यास दिसतच नाहीं. म्हणून आकाशाचे भाग पाडून, प्रत्येक भागांत दृष्टि रोंवून, पुन्हां पुन्हां पाहण्याची संवय लावावी लागते. हवाई लढायांत जे पडले त्यांतील बहुतेकांनीं आपल्याला पाडणारा पाहिलाच नव्हता, असें सर्व जाणते एकमुखानें सांगतात. दुसरी विद्या नेमाची. समजा, शत्रूचें विमान ताशीं ५०० किलोमीटर वेगानें आपल्यासमोरून आडवें चाललें आहे व तें अडीचशे मीटरांवर आहे. गोळीला तेथें पोंचावयास सुमारें एक तृतीयांश सेकंद लागतो. तेवढ्यांत तें विमान सेहेचाळीस मीटर पुढें गेलेलें असतें. म्हणजे त्याच्यावर नेम धरणाऱ्याची गोळी त्याच्या शेपटामागून रिकाम्या हवेंत जाते, आणि जो त्याच्या पुढें चार-पांच विमानांइतक्या अंतरावर, जेथें कांहींच नाहीं तेथें, नेम धरतो त्याचीच लागते. उडत्या पाखरावर नेम धरणाऱ्या पारध्याला हें रक्तांतच असतें; शहरी मुलाला तें शिकवावें लागतें. त्यासाठीं पहिल्या महायुद्धांतच बंदुकीच्या जागीं कॅमेरा बसविण्याची युक्ति निघाली. चाप ओढला कीं गोळीऐवजीं चित्र निघे, आणि संध्याकाळीं तें चित्र पाहून नेम कोठें चुकला तें कळे. तिसरी विद्या शरीराची. कडक वळण घेतांना माणसाचें वजन पांचपट वाटूं लागतें. सत्तर किलोचा मनुष्य साडेतीनशे किलोचा होतो, रक्त डोक्यांतून उतरतें, डोळ्यांपुढें प्रथम करडा व मग काळा पडदा येतो. अशा स्थितींत मान वळवून मागें पाहावयाचें, किती उंची उरली, किती वेग उरला, याचा हिशेब ठेवावयाचा. उंची ही सांठविलेली पुंजी आणि वेग हा खर्चाचा पैसा. एकाचें दुसऱ्यांत रूपांतर करतां येतें, पण दोन्ही संपले कीं दिवाळें.

कोल्हापूरच्या तालमींतून एक गोष्ट सांगतात कीं, वस्ताद पठ्ठ्याला सारे डाव शिकवितो, पण एक राखून ठेवतो. त्या एका डावामुळें उलटलेल्या शिष्यास तो चीत करतो. कुस्तींत ही गोष्ट शोभून जाते, कारण तेथें हरलेला माती झटकून उठतो. हवेच्या तालमींत राखून ठेवलेल्या डावाची किंमत शिष्याच्या देहानें द्यावी लागते. आणि पहिल्या महायुद्धानंतर आमच्या राज्यकर्त्यांनीं भारतीय वैमानिकांच्या बाबतींत नेमका हा डाव राखून ठेवण्याचा प्रकार केला असें आमचें मत आहे. ता. ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं भारतीय हवाई दल कायद्यानें अस्तित्वांत आलें, व ता. १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिघ रोड येथें त्याची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिती विमानांनिशीं. हीं विमानें पायदळास मदत करण्याची, सरहद्दीवरील टोळ्यांवर नजर ठेवण्याची. अधिकारी क्रॅनवेलच्या उत्तम शाळेंत शिकले. परंतु आकाशांत दुसऱ्या विमानाशीं लढावें ही कल्पनाच त्यांच्या नेमलेल्या कामांत नव्हती. सरहद्दीवरच्या पठाणाजवळ विमान कोठें होतें?

जपान्यांनीं ही घडी मोडली. १९४२ सालीं ब्रह्मदेश गेला, कलकत्त्यावर बाँब पडले, आणि भारतांत हजारों वैमानिकांच्या शिक्षणाची व्यवस्था करावी लागली. बेगमपेठ व जोधपूर येथें प्राथमिक शिक्षण, अंबाल्यास पुढचें, आणि लढाऊ विमानांचें त्यानंतर. पण खरी तालीम उघडली ती १९४३ सालीं ओरिसांत, अमर्दा रोड येथें. तिचा वस्ताद फ्रँक केरी हा ब्रिटनच्या व ब्रह्मदेशच्या आकाशांत लढून आलेला होता. जपानी लढाऊ विमान हलकें व अतिशय चपळ. त्याच्याशीं वळणें घेत झुंजणें म्हणजे मल्लाने मांजराच्या मागें धांवणें. अमर्दा रोड येथें पहिला धडा हाच असे कीं, वळणांत गुंतूं नये. उंचावरून सूर मारावा, एकदां तडाखा द्यावा, आणि त्याच वेगानें पुन्हां वर निघून जावें. गर्वानें लढणाऱ्या तरुणाला हें 'पळून जाणें' शिकविणें सोपें नव्हतें. भारतीय स्क्वाड्रनांचे वैमानिकही या तालमींत उतरले. तरीही आपल्या तुकड्यांच्या वांट्याला मुख्यतः टेहळणीचेंच काम येई. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं सहा नंबरच्या स्क्वाड्रनमधील जगदीशचंद्र वर्मा यांनीं हरिकेन विमानानें एक जपानी लढाऊ विमान पाडलें, तोच त्या युद्धांतला भारतीय हवाई दलाचा हवेंतील निर्विवाद विजय म्हणून गणला जातो. मुंबईस जन्मलेले हृषीकेश मुळगांवकर याच ब्रह्मदेशच्या आघाडीवर तयार झाले. काश्मीरच्या लढाईंत श्रीनगर येथील विमानांचें नेतृत्व करून त्यांनीं महावीर चक्र मिळविलें व १९७६ सालीं ते हवाई दलाचे प्रमुख झाले. परंतु काश्मीरांतही शत्रूचें लढाऊ विमान समोर आलें नाहीं. तेव्हां १९४७ पासून १९६५ पर्यंत या दलाची परीक्षा जमिनीवरच्या लक्ष्यांवर झाली, हवेंत नव्हे.

ती परीक्षा ता. १ सप्टेंबर १९६५ रोजीं संध्याकाळीं झाली, आणि तींत पुण्याचा संबंध आहे. छांब भागांत पाकिस्तानी रणगाडे घुसले होते. हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग यांनीं विमानें वापरण्याची परवानगी मागितली, व संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीं ती कांहीं मिनिटांत दिली. हा निर्णय धैर्याचा होता व योग्य होता याविषयीं आम्हांस संशय नाहीं. परंतु पठाणकोटच्या तळावर त्या घटकेस उभी होती ती पंचेचाळीस नंबरच्या स्क्वाड्रनची व्हँपायर विमानें. ही तुकडी पुण्याहून आलेली. तेथें तिचें काम मुख्यतः नव्या वैमानिकांना तयार करण्याचें. व्हँपायर हें १९४३ सालीं प्रथम उडालेलें जेट विमान. त्याची पुढची कुडी लांकडी पट्ट्यांची. चार-चारच्या टोळ्यांनीं बारा व्हँपायर सूर्य कलल्यावर निघालीं. त्यांच्या डोक्यावर पहारा ठेवणारें एकही लढाऊ विमान बरोबर नव्हतें. समोरून सेबर आलीं. सहा यंत्रबंदुका, मागें झुकलेले पंख, आणि चालविणारे असे कीं ज्यांच्या दलानें १९५८ सालींच मौरीपूर येथें लढाऊ नायकांची शाळा काढली होती. चार व्हँपायर पडलीं. भगवागर, जोशी आणि भारद्वाज हे तीन वैमानिक मारले गेले. पाठक हवाई छत्रीनें उतरून वांचले. या वैमानिकांच्या शौर्यांत किंवा हातांत कांहीं उणें होतें असें कोणीही म्हणत नाहीं. ज्यानें शिकवावयाचें त्यालाच शिकविण्याच्या विमानांत बसवून लढाईस पाठविलें, यांत काय उणें होतें तें मात्र उघड आहे. त्या संध्याकाळनंतर व्हँपायर पुढच्या फळींतून काढून घेण्यांत आलीं.

दोनच दिवसांनीं तें आकाश तसेंच होतें, फक्त योजना निराळी होती. जॉनी ग्रीन नांवाचे स्क्वाड्रन लीडर इंग्लंडमधील लढाऊ नायकांच्या शाळेंत शिकून आले होते. त्यांनीं मिस्टेर विमानें सेबरना दिसतील अशा उंचीवरून आमिष म्हणून पाठविलीं, आणि चिमुकलीं नॅट विमानें झाडांच्या शेंड्यांवरून, रडारला न दिसतां, मागून नेलीं. सेबर खालीं झेंपावलीं तेव्हां नॅट वर उठलीं. ता. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनीं एका सेबरवर विजय नोंदविला (पाकिस्तानचें म्हणणें कीं तें विमान मोडकें कां होईना, परत गेलें), आणि ता. ४ ला वीरेंद्रसिंग पठानिया यांनीं एक पाडलें. नॅटच्या तोफा ऐन वेळीं अडकत, हा दोष कोणत्याही शिक्षणानें भरून निघणारा नव्हता. आणि त्याच ता. ३ ला आपलें एक नॅट वाट चुकून पाकिस्तानांतील पसरूर येथें उतरलें, हेंही सांगितलेंच पाहिजे. इतिहास लिहितांना दोन्ही बाजूंच्या वह्या उघडाव्या लागतात.

अशी वही अमेरिकेनेंही एकदां उघडली. व्हिएतनामच्या युद्धांत तिचीं अत्याधुनिक फँटम विमानें बंदुकीवांचूनच बनविलेलीं होतीं, कारण आतां क्षेपणास्त्रें आलीं, जवळून झुंजण्याचे दिवस संपले, असें तज्ज्ञांनीं ठरविलें होतें. प्रत्यक्षांत आपलें एक विमान गमावून शत्रूचीं जेमतेम दोन पडूं लागलीं. नौदलाच्या कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनीं १९६८ सालीं चौकशी केली, आणि १९६९ सालीं मिरामार येथें हवाई झुंजीची शाळा निघाली. पुढच्या लढाईंत नौदलाचें प्रमाण एकास सुमारें बारा झालें. जेथें असें शिक्षण सुरू झालें नव्हतें त्या अमेरिकन वायुदलाचें प्रमाण मात्र होतें तेथेंच राहिलें. हे आंकडे जिंकणाऱ्याच्या तोंडचे असल्यानें थोडी सूट घेऊन वाचावे, पण दोहोंमधला फरक सुटीनें पुसला जात नाहीं.

भारतानें ता. १ फेब्रुवारी १९७१ रोजीं आदमपूर येथें आपली अशी संस्था उभारली. डावपेंच तयार करावे, ते निवडक वैमानिकांना शिकवावे, आणि त्या वैमानिकांनीं आपापल्या तुकडीत परत जाऊन इतरांना शिकवावे, ही तिची रीत. पुढें ती जामनगरास गेली व नंतर ग्वाल्हेरीस. त्या शाळेच्या कामांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो उड्डाणानंतरचा तास. लढाई दहा मिनिटांची, तिची चिकित्सा दोन तासांची. खोलींत शिरतांना हुद्दा बाहेर राहतो. कनिष्ठानें ज्येष्ठाची चूक सांगावयाची, आणि ज्येष्ठानें ती फळ्यावर लिहावयाची. आमच्या शाळा-कॉलेजांतून, कचेऱ्यांतून, आणि खरें म्हणजे घरांतूनही, ही रीत किती अपरिचित आहे याचा विचार वाचकांनींच करावा. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या बाविसाव्या तारखेस बोयरा येथें चार नॅट विमानांनीं कांहीं मिनिटांत सेबरच्या टोळीची जी दाणादाण उडविली, ती १९६५ च्या संध्याकाळशीं ताडून पाहण्यासारखी आहे. मात्र डिसेंबरच्या युद्धांत आपलीं पुष्कळ विमानें पडलीं तीं जमिनीवरच्या तोफांनीं, तेथें आकाशांतली तालीम चालत नाहीं. दिलीप पारुळकर असेच पडले, पकडले गेले, व १९७२ च्या ऑगस्टांत रावळपिंडीच्या छावणींतून दोन सोबत्यांसह निसटून जवळजवळ अफगाण सरहद्दीपर्यंत पोंचले. विजय वसंत तांबे ता. ५ डिसेंबरला शोरकोटवर गेले, ते परत आले नाहींत. त्यांची वाट मात्र घरच्यांनीं दशकानुदशकें पाहिली.

युद्ध नसतांना या शिक्षणाची किंमत कोण देतो, हा प्रश्न महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. नाशिकजवळ ओझर येथें मिग-२१ विमानें बांधलीं गेलीं, आणि साठ वर्षांहून अधिक काळ, ता. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं निवृत्त होईपर्यंत, तीं उडालीं. या विमानाचा उतरण्याचा वेगच ताशीं तीनशे किलोमीटरांवर. आणि नवे वैमानिक त्याच्याकडे येत ते किरणसारख्या संथ, सौम्य विमानावरून. बैलगाडीच्या धुरेवरून एकदम मेल गाडीच्या इंजिनावर चढविण्याचाच तो प्रकार. मधली पायरी म्हणून वेगवान शिक्षणविमान घ्यावें अशी शिफारस १९८२ सालींच एका समितीनें केली होती. हॉक विमानांचा करार झाला २००४ सालीं, आणि बिदर येथें तीं दाखल झालीं २००८ सालीं. मधल्या सव्वीस वर्षांत तीन संरक्षणविषयक पिढ्या सेवानिवृत्त झाल्या असतील. ज्या मुलांना ती पायरी मिळाली नाहीं त्यांतलीं कित्येक मिग विमानाबरोबर जमिनींत गेलीं. पुण्याच्या एका दांपत्याचा तरुण मुलगा २००१ च्या सप्टेंबरांत सुरतगडास रात्रींच्या उड्डाणांत गेला. चूक वैमानिकाची, हें उत्तर त्या मातापित्यांनीं निमूटपणें स्वीकारलें नाहीं. त्यांनीं वर्षानुवर्षें प्रश्न विचारले, आणि शेवटीं जवळ होतें तें घालून पुण्यांत तरुण वैमानिकांसाठीं एक शिक्षणसंस्था काढली. तींत उड्डाणाचा भास निर्माण करणारें यंत्र बसविलें आहे.